अंदमानात आधी समुद्र, मग सेल्युलर जेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात अंदमान सहलीची पत्रके हातोहात फिरू लागतात. बऱ्याच पत्रकांत दिवसांचा क्रम एकाच साच्यातला असतो. विमानतळावरून थेट सेल्युलर जेल, मग दोन दिवस बेटे, परत श्रीविजयपुरम म्हणजे जुने पोर्ट ब्लेअर, तिथे शेवटच्या दुपारी ‘स्कूबा, ऐच्छिक’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचे विमान. हा क्रम उलटा करावा, पाण्यातले दिवस आधी आणि कोरडे दिवस शेवटी ठेवावेत, ही या पत्रातली मुख्य मागणी आहे. ती का, आणि तिच्यासाठी इथे घरी बसून काय तयारी करता येते, हे मात्र सविस्तर लिहावे लागेल.

पाण्यात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. स्कूबात पाठीवर बांधलेल्या टाकीतली हवा त्या वाढलेल्या दाबाखाली श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत जास्त प्रमाणात विरघळतो. वर आल्यावर तो लगेच जात नाही, तासन्‌तास थोडा थोडा बाहेर पडत राहतो. या काळात माणूस विमानात बसला तर काय होते? विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे, म्हणजे त्याहूनही बऱ्याच उंचीवरचा. बाहेरचा दाब असा एकदम कमी झाला की विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे दुखणे, हातापायांना मुंग्या येणे, अंगावर चट्टे उठणे, कारण नसताना प्रचंड थकवा, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. यावर पहिला उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन, आणि नंतर दाबकक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत, ठेवणे. घरी पोचून दोन दिवसांनी ‘प्रवासाने अंग दुखतंय’ म्हणून वेदनाशामक गोळी घेणारा माणूस डॉक्टरांना डायव्हिंगबद्दल सांगतच नाही, म्हणून हे इथे मुद्दाम लिहीत आहोत.

डायव्हिंगच्या वैद्यकीय जगात मान्य असलेले अंतर असे आहे. थेट वर येता येईल अशा मर्यादेतला एकच डाइव्ह, म्हणजे बुडी, केला असेल तर विमानाआधी किमान १२ तास. एका दिवसात दोन किंवा ओळीने काही दिवस डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास. टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे लागले असेल, तर १८ तासांहून बरेच जास्त. हौसेने पहिल्यांदा पाच-सहा मीटरवर पंधरा मिनिटे जाऊन आलेल्याला धोका फार थोडा असतो, हे खरे. पण त्याच गटात एखादा प्रमाणपत्रधारक सकाळी दोन डाइव्ह करून आलेला असतो आणि तोही सगळ्यांबरोबर त्याच विमानात बसतो. म्हणून नियम गटाला लावावा आणि पूर्ण एक दिवस कोरडा ठेवावा.

तो कोरडा दिवस सेल्युलर जेलला द्यावा. मराठी माणूस अंदमानला जातो तेव्हा सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय परतत नाही. मग विमानातून उतरल्या उतरल्या, आदल्या रात्रीचे जागरण डोळ्यांत घेऊन तासाभरात ते उरकण्यापेक्षा शेवटच्या पूर्ण दिवशी शांतपणे पाहावे. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम, संग्रहालये, बाजार हे सगळे त्याच दिवशी होते. समुद्र खवळून फेरी रद्द झाली तर हाच दिवस राखीव म्हणूनही उपयोगी पडतो. अंदमानात फेरी रद्द होणे ही नवलाची गोष्ट नाही, आणि बेटावर अडकलेल्याचे विमान थांबत नाही.

आपल्याकडच्यांसाठी याच नियमाचा आणखी एक भाग आहे, तो मोठ्या शहरांतल्या पुस्तिकांत सापडत नाही. हे विमानाचे अंतर ६०० मीटरपासून वरच्या उंचीला लागू धरतात. आंबोली जवळपास ६९० मीटरवर आहे. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर दोन खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडीने निघालात तर घाट चढल्यावर पुढे बेळगाव लागते, तेही साडेसातशे मीटरच्या आसपास. मालवणला किल्ल्याजवळ उथळ पाण्यात वीस मिनिटे जाऊन आलेल्याने फार घाबरू नये. खोल डाइव्ह करणाऱ्याने मात्र ती रात्र किनाऱ्यावर काढावी आणि सकाळी घाट चढावा. गाडी रात्रीत सांगलीला पोचवायची घाई इथे नको.

आता मुक्कामाबद्दल. डायव्हिंगच्या सहलीचे दोन प्रकार असतात. एकात आठवडाभर बोटीवरच राहायचे, दुसऱ्यात बेटावर खोली घेऊन रोज सकाळी बोटीने बाहेर पडायचे. कुटुंबासाठी दुसराच प्रकार बरा. घरातल्या चौघांपैकी दोघेच डाइव्ह करणार असतात, आजी-आजोबांना बोट लागते, दहा वर्षांखालच्या मुलाला स्कूबा करताच येत नाही. बेटावर मुक्काम असला की डाइव्ह करणारे सकाळी सहा-सातला निघून दुपारपर्यंत परत येतात आणि बाकीचे तोवर किनाऱ्यावर स्नॉर्केलिंग (तोंडात श्वासनळी धरून, पाण्यावर तरंगत खाली पाहणे) करतात किंवा काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहतात. कुणाचा कान दुखला तर त्याला त्या दिवशी सुट्टी घेता येते. फक्त रोज बेट बदलू नये. स्वराजद्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचे हॅवलॉक, इथे सलग चार रात्री आणि जमल्यास शहीदद्वीप म्हणजे नीलला एक रात्र, एवढे पुष्कळ झाले. श्रीविजयपुरमहून स्वराजद्वीपला फेरीने दीड ते अडीच तास लागतात. रोज सामान बांधून जेटीवर रांगेत उभे राहणाऱ्याला समुद्र दिसतो तो फेरीच्या खिडकीतूनच.

घड्याळाकडेही लक्ष द्यावे. अंदमान आपल्यापेक्षा सुमारे १८ अंश पूर्वेला आहे आणि वेळ मात्र तीच भारतीय प्रमाणवेळ. त्यामुळे सूर्य सांगलीपेक्षा तासाभराहून आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडू लागतो. नाश्ता नऊला आणि पाण्यात अकराला असे सुट्टीचे वेळापत्रक ठेवले तर दिवसातला शांत समुद्र आणि चांगला प्रकाश दोन्ही हुकतात.

महिना कोणता? ऐन दिवाळीत ईशान्य मोसमी पावसाचे दिवस असतात, पाणी गढूळ असू शकते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे होतात. संक्रांतीपासून एप्रिलपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. परीक्षांमुळे मे महिनाच मोकळा असेल तर पहिला पंधरवडा घ्यावा, कारण नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी, साधारण २० मेनंतर अंदमानात येऊन धडकतो.

महिना ठरला की घरातली दिनदर्शिका उघडून तिथी पाहाव्यात. अमावास्या-पौर्णिमा आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे. तेव्हा भरती-ओहोटीतला फरक मोठा, म्हणून प्रवाह जोरदार. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, फरक कमी आणि पाणी संथ. नवशिक्यांचे डाइव्ह अष्टमीच्या आजूबाजूला पडतील असे आरक्षण करता आले तर त्याहून स्वस्त सुरक्षितता दुसरी नाही. दिवसातली वेळ निवडण्याचाही हिशोब आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढावाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी हलते आणि प्रवाह सर्वांत जोरात असतो. किनाऱ्यावरून स्नॉर्केलिंग करणाऱ्याने भरतीच्या शेवटच्या तासात उतरावे. तेव्हा प्रवाळावर पुरेसे पाणी असते, पोट खरचटत नाही आणि ओढ कमी असते. शहीदद्वीपचा नैसर्गिक खडकपूल आणि तिथली डबकी पाहायची असतील तर मात्र ओहोटी हवी, आणि तिथे उधाणाचा दिवसच चांगला. तिथे वाटाड्या सांगेल तेवढ्याच खडकावर पाय ठेवावा.

तयारीचा सर्वांत मोठा भाग सांगलीतल्या जलतरण तलावात होण्यासारखा आहे. ओपन वॉटर हे पहिले प्रमाणपत्र तीन-चार दिवसांत मिळते आणि त्यावर १८ मीटरपर्यंत जाता येते. त्यासाठी न थांबता २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगत राहणे आवश्यक असते. वेगाची अट नसते. प्रमाणपत्र न घेता नुसता अनुभव घ्यायचा असेल तर प्रशिक्षकाबरोबर जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतात. त्यात पोहता न येणाऱ्यालाही नेले जाते आणि प्रशिक्षक त्याची टाकी धरून फिरवतो. आमच्या मते अगदीच पाण्याची ओळख नसलेल्या माणसाने हे करू नये. निदान तलावात तोंड बुडवून शांतपणे श्वास सोडण्याइतपत तरी सराव करून जावे.

बहुतेकांची घाबरगुंडी एकाच ठिकाणी उडते. मास्कमध्ये थोडे पाणी शिरते, माणूस सवयीने नाकाने श्वास घेतो, खारे पाणी घशात जाते आणि तो हातपाय मारत वर झेपावतो. यावरचा उपाय तलावाच्या उथळ टोकाला मिळतो. गुडघ्यांवर बसायचे, मास्क न लावता फक्त स्नॉर्केल तोंडात धरायचे, चेहरा पाण्यात आणि नाक उघडे, आणि तोंडाने दोन मिनिटे सावकाश श्वास घ्यायचा. पहिल्या दिवशी दहा सेकंदही जमत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी जमते. मग मास्क लावून त्यात मुद्दाम पाणी भरायचे, मास्कची वरची कड कपाळावर दाबायची, मान किंचित वर करून नाकाने जोरात उच्छ्वास सोडायचा. पाणी खालच्या कडेने निघून जाते. हे एवढे जमलेला माणूस अंदमानात पहिल्या दिवसापासून मासे पाहतो. न जमलेला तीन दिवस मास्कशीच झगडत बसतो.

मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवावा आणि नाकाने हलका श्वास ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर मापाचा. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट कड दुमडून ती वाढते. आपल्याकडच्या भरघोस मिश्या ही गळतीची नेहमीची जागा. नाकाखालची एक बारीक पट्टी भादरली तरी पुरे. कडेखाली केस आले की पाणी शिरतेच, तेव्हा लांब केस मागे घट्ट बांधावेत. चष्मा असणाऱ्यांना नंबरचे मास्क मिळतात, डायव्हिंग केंद्राला आधी कळवावे. पूर्ण चेहरा झाकणारे स्नॉर्केल मास्क सध्या ऑनलाइन स्वस्तात मिळतात, ते घेऊ नयेत. त्यांत नाक चिमटीत धरता येत नाही म्हणून कान मोकळे करता येत नाहीत, आणि निकृष्ट बनावटीत सोडलेलीच हवा पुन्हा श्वासात येते.

कृष्णेत पोहायला शिकलेल्यांना दोन सवयी मोडाव्या लागतात. एक, डोके वर ठेवून हात मारणे. स्नॉर्केलिंगमध्ये चेहरा खाली, हात अंगालगत स्वस्थ आणि पाय कमरेपासून सावकाश. गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे पाय हलवले की फिन्स, म्हणजे पायातले रबरी पर, नुसत्या पाणी ढवळतात आणि खालचे प्रवाळ मोडतात. दुसरी सवय आपल्या दमावर विसंबून एकट्याने लांब जाण्याची. समुद्रात ओढ लागली तर नदीत करतो तेच करावे, धारेला तोंड देऊन झगडू नये, तिला आडवे कापावे. पण मुळात जोडीदाराशिवाय उतरूच नये.

कानाबद्दल. घाट उतरताना कानाला दडे बसतात हे आपल्याला माहीत आहे. सहाशे मीटरचा घाट उतरताना हवेचा दाब जितका वाढतो तितका पाण्यात जेमतेम पाऊण मीटर खाली गेल्यावर वाढतो. यावरून पहिल्या दोन मीटरांतच कान का दुखतो ते लक्षात येईल. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे आणि कान ‘टक्‌’ झाले की पुढे जायचे. ही क्रिया दुखायच्या आधी, दर अर्ध्या-एक मीटरला करायची. दुखायला लागल्यावर जोर लावला तर पडदा फाटतो. दडे सुटत नसतील तर मीटरभर वर यावे, पुन्हा प्रयत्न करावा, तरीही नाही सुटले तर त्या दिवसाचा डाइव्ह सोडावा. सर्दी झालेली असताना नाक मोकळे करणारी गोळी घेऊन खाली जाणे फार वाईट. खाली असताना औषधाचा असर उतरला की वर येताना अडकलेली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर वैद्यकीय अर्जावर खरे लिहावे. पैसे भरलेत म्हणून सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ लिहिणारे लोक प्रशिक्षकालाही संकटात टाकतात.

टाकीतल्या हवेचा हिशोब प्रत्येकाला यावा. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी सुमारे ११ लिटरची असते आणि २०० बार (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण) दाबाने भरतात. म्हणजे आत साधारण २२०० लिटर हवा. परत येण्यासाठी ५० बार राखून ठेवायचे, तेव्हा वापरायला उरते सुमारे १६५० लिटर. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर वापरतो असे धरू. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर, आणि हवा पुरते सुमारे ४१ मिनिटे. २० मीटरवर ६० लिटर, तेव्हा सुमारे २७ मिनिटे. घाबरलेला माणूस याच्या दुप्पट सहज ओढतो, म्हणजे वेळ निम्म्यावर. टाकीच्या दाबाच्या काट्याकडे दर काही मिनिटांनी पाहायचे ते यासाठी. वर येताना मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेग नको आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबायचे. आणि टाकीतली हवा घेत असताना श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते. दीड मीटरच्या चढावातही रोखलेल्या श्वासाने फुप्फुसाला इजा होऊ शकते. तलावातही होऊ शकते.

केंद्र निवडताना फोनवरच विचारावे : एका प्रशिक्षकाबरोबर किती जण जाणार? बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि तो द्यायला कुणाला येतो? शेवटच्या डाइव्हनंतर विमानापर्यंत किती तास ठेवता? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘काही होत नाही’ असे आले तर फोन ठेवून द्यावा. वजनपट्ट्याबद्दलही विचारावे. घाईच्या ठिकाणी नवशिक्याला पटकन बुडवायला जादा वजन बांधतात. तो मग तळाशी खरडत जातो आणि वाटेतले प्रवाळ मोडतो. पृष्ठभागावर नेहमीचा श्वास भरून, तरंगण्यासाठी हवा भरायचे जॅकेट रिकामे करून, स्थिर उभे राहिल्यावर पाणी डोळ्यांच्या रेषेत आले की वजन बरोबर. ही तपासणी मागून घ्यावी. घरच्या मेडिक्लेममधून साहसी खेळ वगळलेले असतात का, तेही निघण्याआधी वाचावे.

पाण्याखाली काय दिसते याचे वर्णन करायला बसलो तर पत्र संपणार नाही. समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोन) लवलवत्या बोटांत लपलेले क्लाउनफिश, प्रवाळ कुरतडून त्याची वाळू करणारे पोपटमासे, वाळूत अर्धे पुरून बसलेले पाकट, हिरवी कासवे आणि चोचीसारख्या तोंडाची हॉक्सबिल कासवे. स्वराजद्वीपच्या निमो रीफसारख्या जागी नवशिक्यालाही हे उथळ पाण्यात दिसते. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज या जागा खोल आहेत, त्या अनुभव आलेल्यांनीच घ्याव्यात. उथळ पाण्यातले पुष्कळ प्रवाळ मेलेलेही दिसेल, त्याचा धक्का बसतो. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जरी काही आठवडे तापले तरी प्रवाळ आपल्यातली अन्न बनवणारी शैवाले बाहेर टाकते आणि पांढरे पडते. २०१० साली अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झाले. जे जगले-वाचले आहे त्याचे मोल म्हणूनच जास्त.

सांगलीकराला मगर नवी नाही. भिलवडी, औदुंबर परिसरातल्या कृष्णाकाठी मगरीचा फलक लागला की कुणी तिथे धुणे धूत नाही. अंदमानातली मगर खाऱ्या पाण्यातली, आपल्या मगरीपेक्षा आकाराने बरीच मोठी आणि अधिक आक्रमक. खाड्या, खारफुटी आणि ओढ्यांची मुखे ही तिची जागा. फलक असेल तिथे, आणि संध्याकाळी कुठेही, पाण्यात उतरू नये. समुद्री साप विषारी पण स्वभावाने शांत, त्याला वाट द्यावी. टायटन ट्रिगरफिश अंडी राखत असेल तेव्हा अंगावर येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर वर रुंद होत जाते, म्हणून वर न जाता आडवे लांब व्हावे. लायनफिश, स्टोनफिश किंवा पाकटाचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम, ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा आणि डॉक्टर गाठावा. उष्णतेने विषाचा जोर कमी होतो. पाणी किती गरम ते दुखऱ्या हाताने ठरवू नये, दुसऱ्या हाताने पाहावे, नाहीतर वेदनेत भाजल्याचे कळत नाही. कोन शेल नावाचा सुंदर नक्षीचा शंख जिवंत असताना विषारी नांगी मारतो. शंख उचलू नयेत याचे हे एक कारण.

दुसरे कारण कायद्याचे. २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही पिशवीत टाकू नये. शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. विकत घेतलेल्या शंखाची परवानाधारक दुकानाची पावती जवळ ठेवावी. गोलाकार प्रवाळ वर्षाला एखादाच सेंटिमीटर वाढते. फोटोसाठी त्यावर क्षणभर उभे राहिल्यावर जे मोडते ते भरून यायला त्या उभ्या राहणाऱ्याच्या मुलांचे लग्नाचे वय यावे लागेल. कासच्या पठारावर फुले तुडवू नयेत म्हणून सातारकरांनी कुंपण आणि रोजच्या माणसांची मर्यादा मान्य केली. समुद्रातल्या पठाराला कुंपण घालता येत नाही. वांडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय बेटावर प्लास्टिक नेऊ देत नाहीत, ती शिस्त बाकी बेटांवर आपणच पाळायची. माशांना ब्रेड-बिस्किटे टाकून गोळा करणाऱ्या वाटाड्याला स्पष्ट नको म्हणावे. शैवाल खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवणारे मासे ब्रेडच्या मागे लागले की प्रवाळावर शैवाल माजते. कासवाचा पाठलाग करू नये, त्याला श्वासासाठी वर यावेच लागते आणि वर आपण गर्दी केलेली असते. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घालावा. स्नॉर्केलिंगमध्ये भाजते ती मान आणि पोटऱ्या, नेमक्या आपल्या लक्षात न येणाऱ्या जागा.

परदेशी जाणाऱ्यांनी इक्वाडोरच्या गॅलापॅगोस बेटांचे उदाहरण पाहावे. तिथेही सांताक्रूझ किंवा सान क्रिस्तोबाल बेटावर राहून गॉर्डन रॉक्स, किकर रॉक अशा जागी रोजच्या बोटीने जाता येते, फक्त दूरच्या डार्विन आणि वुल्फ बेटांसाठी बोटीवरच राहावे लागते. उद्यानातल्या स्थळांवर परवानाधारक निसर्गवाटाड्या सक्तीचा आणि प्राण्यांपासून दोन मीटर अंतर सक्तीचे. ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला प्रवेशशुल्क २०० डॉलर केले आहे. समुद्रसिंह स्वतःहून जवळ आला तरी हात लावायचा नाही, हा नियम तिथे आपले लोकही निमूट पाळतात. म्हणजे पाळता येतो.

फेरीत आणि बोटीत बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी. मात्र तिने गुंगी येत असेल तर त्या दिवशी डाइव्ह नको, म्हणून कोणती गोळी चालते ते घरच्या डॉक्टरांना विचारून इथेच एकदा घेऊन पाहावी. आदल्या रात्री मद्य नको. पाणी भरपूर प्यावे. पहाटे आणि तिन्हीसांजेला किनाऱ्यावर वाळूमाश्या चावतात, पाय झाकावेत.

सांगली-साताऱ्यातल्या सहल आयोजकांना आमची विनंती आहे की, त्यांनी पत्रकावर तीन गोष्टी छापाव्यात. शेवटचा डाइव्ह आणि परतीचे विमान यांच्यात किती तास आहेत, स्वराजद्वीपला सलग किती रात्री आहेत, आणि त्या दिवसांच्या तिथी कोणत्या. ग्राहकांनी याच तीन गोष्टी विचारूनच आगाऊ रक्कम भरावी. जलतरण तलावांच्या व्यवस्थापकांना विनंती की, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च-एप्रिलमध्ये आठवड्यातून एक तास उथळ टोकाची एक मार्गिका मास्क आणि स्नॉर्केलच्या सरावासाठी राखून ठेवावी. त्यासाठी मास्क-स्नॉर्केलचे दहा संच पुरतील, आणि शिकवायला आमच्यातले कुणी ना कुणी विनामोबदला येईल.

आपले नम्र,
कृष्णाकाठचे काही जलतरणपटू व डायव्हर,
सांगली